पाळीपाळीने चालणारं शहर

'माणूस हा समाजशील प्राणी आहे.' नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलंय. खाली ॲरिस्टॉटलचं नाव असायचं. रिकाम्या जागा भरा, एक मार्क, विषय संपला.

पण ॲरिस्टॉटलने समाज म्हटलंच नव्हतं. त्याचा शब्द होता 'पोलिटिकॉन', म्हणजे 'पोलिस'मध्ये राहणारा. हा पोलिस खाकी वर्दीतला नव्हे, पण शब्दाचं मूळ एकच. लॅटिन आणि फ्रेंचमध्ये मुक्काम करत तो इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि येईपर्यंत त्याच्या हातात दंडुका आला होता. गोंधळ नको म्हणून मी इथे आपला रूढ शब्द वापरतो, नगरराज्य. तोही फसवाच आहे, कारण 'राज्य' म्हटलं की राजवाडा दिसतो, कचेरी दिसते, हुकूम सोडणारं कुणीतरी दिसतं. ग्रीक माणसाला काय दिसायचं, ते सलामिसच्या एका भांडणातून कळतं.

इ.स.पू. ४८०. इराणचा सम्राट झर्क्सीस फौजेसह चालून आला, अथेन्सच्या लोकांनी बायकापोरं समुद्रापार पाठवली आणि शहर रिकामं केलं. मागे इराण्यांनी देवळं जाळली. सलामिस बेटापाशी ग्रीक सेनानींची बैठक चालू होती. तिथे कोरिंथच्या सेनापतीने अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस याला टोमणा मारला, की ज्याला नगरच उरलं नाही त्याने इथे मत कशाला मांडावं? ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने थेमिस्टोक्लीसचं उत्तर नोंदवलंय. माणसांनी भरलेली दोनशे जहाजं आमच्याकडे आहेत तोवर आमचं नगर तुमच्यापेक्षा मोठंच आहे, असं तो म्हणाला.

म्हणजे तटबंदी गेली, घरं गेली, देऊळ गेलं, तरी नगर शाबूत, कारण माणसं जहाजांवर होती. या जहाजांचीही एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरिऑनच्या सरकारी खाणीत चांदीची मोठी शीर लागली होती. तेव्हा पहिली सूचना काय आली असेल? प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी, वाटून टाका! चांदी 'सरकारची' नव्हती, सगळ्यांची होती, मग वाटे पाडायला हरकत काय? थेमिस्टोक्लीसने लोकांना पटवलं की वाटे नकोत, जहाजं बांधू. पटवावं लागलं, हे लक्षात घ्या. हुकूम देऊन भागणारं नव्हतं.

ग्रीक भाषेतही हे उतरलं होतं. तहात, ठरावात 'अथेन्सने' असं लिहीत नसत. 'अथेन्सकरांनी' असं लिहीत. ठरावाच्या शिळेवर सुरुवातीचा ठरीव मजकूर असायचा तो साधारण असा: 'मंडळाला आणि लोकांना असं वाटलं की…' 

अशी नगरराज्यं ग्रीक जगात हजारभर होती, काळ्या समुद्रापासून स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत विखुरलेली. अनेकांचा प्रदेश शंभर चौरस किलोमीटरच्याही आत, नागरिक काहीशे किंवा दोन-चार हजार. अथेन्स त्यांत दांडगं, आणि तेही आसपासच्या ॲटिका प्रांतासकट अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून लहान. ॲटिकाच्या टोकाला समुद्राकाठी जाळी विणणारा कोळीही अथेन्सकरच. शहरात राहण्याशी नागरिकत्वाचा संबंध नव्हता. पुढचं बरंचसं अथेन्सबद्दलच आहे, कारण तिथल्या शिळा, खापरं आणि भाषणं सर्वांत जास्त टिकली.

आता '-कर' निघालाच आहे तर ती गंमत सांगतो. सॉक्रेटिसचं पूर्ण नाव मराठीत करायचं तर सॉक्रेटिस सोफ्रोनिस्कस अलोपेकेकर असं होईल. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. पुढारी पेरिक्लीस खोलार्गोसकर, वक्ता डेमोस्थेनीस पैआनियाकर. या गावाला किंवा वस्तीला 'डेमोस' म्हणत, आणि ॲटिकात अशी १३९ होती. इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लिस्थेनीस नावाच्या पुढाऱ्याने कारभाराची नवी घडी बसवली तेव्हा ज्याचं घर ज्या डेमोसात होतं, ते नाव त्याच्या वंशजांना कायमचं चिकटलं. पुढे कुणी शहरात येऊन तीन पिढ्या राहिला तरी तो मूळ गावचाच. गिरगावच्या चाळीत जन्मलेल्या राजापूरकरांना हे वेगळं समजावायला नको.

क्लिस्थेनीसची खरी अक्कल पुढच्या पायरीवर दिसते. तोवर प्रत्येक भागात एकेका बड्या घराण्याचा दबदबा होता. त्याने ॲटिकाचे तीन पट्टे पाडले, शहर, किनारा आणि आतला मुलूख. मग दहा 'जमाती' तयार केल्या आणि प्रत्येकीत तिन्ही पट्ट्यांतला एकेक तुकडा घातला. दादरचा एक तुकडा, गुहागरचा एक आणि जुन्नरचा एक मिळून एक मतदारसंघ केला तर कसं होईल, तसं. या जमातीतली माणसं लढाईत एका रांगेत उभी राहात, मंडळात एकत्र बसत, उत्सवात एकत्र नाचत. किनाऱ्यावरचा नावाडी आणि डोंगरातला कोळसेवाला एकमेकांना नावाने ओळखू लागले. आपापल्या वाड्याभोवती माणसं बांधून ठेवणाऱ्या घराण्यांचा पाया त्यामुळे ठिसूळ झाला.

मुलगा अठराचा झाला की डेमोसच्या सभेपुढे उभा राहायचा. गावातली माणसं त्याचं वय आणि जन्म खरा की खोटा यावर मत द्यायची आणि मग वहीत नाव चढायचं. नाव चढलं की नगरात वाटा मिळाला. नागरिक असणं यासाठी ग्रीक लोक 'वाटा असणं' असाच शब्दप्रयोग करत. आणि वाटेकरी म्हटला की त्याला कामही आलंच.

हे काम पाळीने यायचं. ॲरिस्टॉटलनेच नागरिकाची एक खूण सांगितली आहे, की तो पाळीपाळीने राज्य करतो आणि पाळीपाळीने दुसऱ्याचं राज्य मानतो. पाळी कुणाची ते बहुतेक वेळा चिठ्ठी ठरवायची.

नगराचा रोजचा कारभार पाचशे जणांचं मंडळ बघायचं. दर जमातीतून पन्नास, तिशीच्या वरचे, चिठ्ठीने निवडलेले, मुदत एक वर्ष, आणि जन्मात दोनदाच. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक जमातीच्या पन्नास जणांची पस्तीस-छत्तीस दिवस ड्यूटी लागायची. ते अगोराजवळच्या, म्हणजे बाजारचौकाजवळच्या, गोल इमारतीत सरकारी खर्चाने जेवत आणि त्यांतले काही रात्री तिथेच झोपत, कारण निरोप कधीही येऊ शकतो. या पन्नासांतून रोज एक जण, पुन्हा चिठ्ठीनेच, अध्यक्ष व्हायचा. सूर्यास्त ते सूर्यास्त. नगराची मोहोर आणि खजिना ठेवलेल्या देवळांच्या किल्ल्या त्याच्या हातात. त्या दिवशी लोकसभा, म्हणजे सगळ्या नागरिकांची सभा, भरली तर तिचाही अध्यक्ष तोच (पुढच्या शतकात हे शेवटचं काम वेगळ्या मंडळींकडे गेलं). दुसऱ्या दिवशी किल्ल्या दुसऱ्याकडे, आणि आयुष्यात पुन्हा हे पद नाही.

हिशोब करून पाहा. वर्षाला साडेतीनशेच्या वर अध्यक्ष, म्हणजे पंचवीस वर्षांत आठ-नऊ हजार. इ.स.पू. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक होते तीस हजारांच्या आसपास. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या चांभाराने एका दिवसासाठी का होईना खजिन्याची किल्ली उशाशी घेऊन झोपलेलं असण्याची दाट शक्यता. 

आपल्याला सोडत म्हटलं की म्हाडाची घरं आठवतात, नाहीतर वॉर्डाच्या आरक्षणाची चिठ्ठी काढणारं शाळकरी पोर. अथेन्सकरांकडे त्यासाठी दगडी यंत्र होतं. पुरुषभर उंचीची शिळा, तिच्यावर उभ्या-आडव्या ओळींत बारीक खाचा. प्रत्येक इच्छुक स्वतःच्या नावाची पट्टी आणायचा आणि ती एका खाचेत बसायची. शिळेच्या कडेला एक नळी, तिच्यात काळ्या-पांढऱ्या गोट्या वरून ओतलेल्या. खालची चावी फिरवली की एकेक गोटी पडायची. पांढरी पडली तर ती आडवी ओळ सगळी निवडली, काळी पडली तर ती ओळ घरी. अगोराच्या उत्खननात अशा शिळेचे तुकडे मिळाले आहेत.

हा खटाटोप मुख्यतः न्यायालयांसाठी होता. दरवर्षी सहा हजार नागरिक पंच म्हणून शपथ घ्यायचे, पण कुठला पंच कुठल्या खटल्याला बसणार हे त्याच सकाळी यंत्र ठरवायचं. लाच द्यायची कुणाला? एकेका खटल्याला दोनशे एक, पाचशे एक असे पंच. न्यायाधीश नाही, सरकारी वकील नाही. फिर्याद कुणीही नागरिक करणार, बचाव आरोपीने स्वतः करायचा, दोघांना पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजून. पंचांनी आपसांत चर्चाही करायची नाही, सरळ मत टाकायचं. दिवसाचा भत्ता आधी दोन ओबोल (हे छोटं नाणं), पुढे तीन. कारागिराला दिवसाला सुमारे सहा ओबोल सुटायचे, म्हणजे भत्ता अर्ध्या रोजाचा. धडधाकट माणूस त्यावर जगणार नाही, पण म्हातारा आनंदाने येईल, आणि म्हातारे येतही असत.

लोकसभा प्निक्स टेकडीवर, वर्षातून चाळीसेक वेळा. माणसं पहाटेच निघायची. डुकराचं पिल्लू बळी देऊन जागा शुद्ध करायची, मग घोषणा करणारा विचारायचा, 'कुणाला बोलायचंय?' काही बाबींना सहा हजारांची हजेरी लागायची, आणि ती सहजासहजी भरत नसावी. कारण बाजारात रेंगाळणाऱ्यांना गुलाम लोक लाल रंगात भिजवलेल्या दोरीने टेकडीकडे हाकत, असा टोमणा तेव्हाच्या विनोदी नाटकात आहे. कपड्याला लाल डाग म्हणजे हा पळत होता! पुढे सभेलाही भत्ता सुरू केला. आपल्या ग्रामसभांचा कोरम आठवून मला तरी या दोरीचं हसू येत नाही.

सरकारी कामात न पडणाऱ्या माणसाला 'इडिओटेस' म्हणत आणि त्यातून 'इडियट' आला, हे व्हॉट्सॲपवर फिरत असतं. व्युत्पत्ती खरी आहे, पण ग्रीकांना त्यात शिवी अभिप्रेत नव्हती. खाजगी माणूस, फारतर त्या कामातला अडाणी, एवढाच अर्थ.

चिठ्ठी सगळीकडे नव्हती, हेही सांगायला हवं. सेनापती दहा, आणि ते हात वर करून निवडलेले, पुन्हा पुन्हा निवडता येणारे. जहाज बुडालं तर चिठ्ठीला दोष देऊन भागत नाही, इतपत शहाणपण होतं. श्रीमंतांसाठी आणखी वेगळी पाळी होती. एक वर्ष लढाऊ जहाजाचा खर्च सांभाळ, एक वर्ष नाटकाच्या गायकवृंदाचा. 'माझ्यापेक्षा अमका श्रीमंत आहे, त्याला सांगा' असं म्हणण्याची सोय होती, पण एका अटीवर. तो अमका नाही म्हणाला तर त्याला आव्हान द्यायचं, 'मग माझी सगळी मालमत्ता तू घे आणि तुझी मला दे.' आयकर खात्याला ही युक्ती कुणी अजून सुचवलेली दिसत नाही.

चिठ्ठीने निवडला म्हणजे कुणीही सोम्यागोम्या आत, असंही नव्हे. पद घेण्याआधी तपासणी व्हायची. वरिष्ठ नऊ अधिकाऱ्यांना विचारत ते प्रश्न लिहून ठेवलेले आहेत. बाप कोण, कुठल्या डेमोसचा? आई कोण, तिचा बाप कोण? घरच्या अपोलोचं आणि अंगणातल्या झ्यूसचं ठाणं कुठे आहे? घराण्याची थडगी कुठे आहेत? आई-वडिलांना नीट वागवतोस का? कर भरतोस? मोहिमेवर गेला होतास? साक्षीदार आणायचे, आणि कुणाला आक्षेप असेल तर तिथेच उठून सांगायचा. शिक्षणाबद्दल एकही प्रश्न नाही, कारभाराच्या अनुभवाबद्दलही नाही. आईबापांना नीट न वागवणारा नगराला काय वागवणार, असा सरळ तर्क. मुदत संपली की हिशोबतपासणी वेगळी.

आणि कुणी फारच मोठा होऊ लागला तर? त्यासाठी खापर. वर्षातून एकदा लोकसभेला विचारत, यंदा कुणाला बाहेर काढायचं का? हो म्हटलं तर ठरल्या दिवशी प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून अगोरात टाकायचं. किमान सहा हजार मतं झाली की सर्वांत जास्त ज्याच्या नावाची, त्याने दहा दिवसांत ॲटिका सोडायची, दहा वर्षांसाठी. गुन्हा नाही, खटला नाही, मालमत्ता त्याचीच. सलामिस जिंकून देणारा थेमिस्टोक्लीस इ.स.पू. ४७१च्या सुमाराला असाच हद्दपार झाला आणि शेवटी इराणच्याच सम्राटाच्या पदरी जाऊन राहिला.

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची १९० खापरं एकत्र मिळाली. अक्षरं तपासली तर लिहिणारे हात अवघे चौदा. कुणीतरी घरी बसून गठ्ठ्याने लिहून ठेवली होती, लिहिता न येणाऱ्यांच्या किंवा कंटाळा करणाऱ्यांच्या हातात कोपऱ्यावर टेकवायला. ही वापरलीच गेली नाहीत म्हणून विहिरीत पडली असणार. क्लिस्थेनीसची घडी, दगडी यंत्र, सगळं वाचून अथेन्सबद्दल हळवेपणा येऊ लागला की मी ती विहीर आठवतो.

अथेन्सचं प्रतिस्पर्धी नगरराज्य स्पार्टा, त्याबद्दल थोडक्यात. तिथेही नगर म्हणजे माणसंच होती, पण वाट्याची अट वेगळी होती. सातव्या वर्षी मुलगा घरातून छावणीत जायचा आणि मोठेपणी रोज रात्री ठरलेल्या पंगतीत जेवायचा. त्या पंगतीला आपला धान्याचा हिस्सा देता आला नाही की नागरिकत्व गेलं. जमीन कसायला हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले गुलामासारखे लोक, जुंपलेले, संख्येने मालकांच्या कितीतरी पट, आणि त्यांच्या बंडाची धास्ती हीच स्पार्टाची खरी राज्यघटना.

पण गुलामांच्या बाबतीत अथेन्सने स्पार्टाकडे बोट दाखवू नये. लॉरिऑनची ती चांदी बोळातून सरपटत खणून काढणारे गुलामच होते. मला त्याहून विचित्र वाटतो तो नगराच्या मालकीच्या गुलामांचा प्रकार. पाळीचं राज्य म्हणजे दरवर्षी नवी माणसं. आपल्याकडे म्हणतात ना, साहेब बदलत राहतात, पण फाइल कुठे आहे ते जुन्या कारकुनालाच ठाऊक. अथेन्समध्ये तो जुना कारकून गुलाम होता. दफ्तर तो सांभाळायचा, वजनमापं तो बघायचा, रस्त्यावर शिस्त ठेवणारे सिथियन (काळ्या समुद्रापलीकडचे) तिरंदाजही विकत घेतलेले. इ.स.पू. ३७५-७४ चा एक कायदा शिळेवर कोरलेला मिळालाय. त्याप्रमाणे बाजारात सराफांच्या टेबलांपाशी बसून चांदीचं नाणं खरं की खोटं ते ठरवणारा माणूस सरकारी गुलाम. त्याने खोटं म्हटलं की नाणं तिथल्या तिथे कापून बाद. व्यापाऱ्यांनी त्याचा निर्णय मानलाच पाहिजे. आणि तो कामावर बसला नाही तर त्याला पन्नास फटके.

बायकांना सभा नव्हती, न्यायालय नव्हतं, पण देवधर्मात नगर त्यांच्यावाचून चालत नव्हतं. नगराच्या अथेना देवीची पुजारीण जन्मभर एक स्त्रीच. बाहेरून येऊन राहिलेल्या 'मेटॉइक' लोकांनी वर्षाला बारा द्राख्मा कर द्यायचा, लढाईला जायचं, पण जमीन घ्यायची नाही आणि मत द्यायचं नाही. ॲरिस्टॉटल यांच्यातलाच होता! उत्तरेकडच्या स्टॅगिराचा. माणूस हा पोलिसमध्ये राहणारा प्राणी, हे सांगणारा माणूस अथेन्समध्ये अर्धं आयुष्य राहिला आणि प्निक्सच्या टेकडीवर एकदाही हात वर करू शकला नाही.

दार आणखी घट्ट कुणी केलं? पेरिक्लीसने. इ.स.पू. ४५१-५० चा त्याचा कायदा सांगतो की आई आणि बाप दोघंही अथेन्सकर असतील तरच मूल नागरिक. पुढे तो स्वतःच मिलेटसहून आलेल्या अस्पासियाबरोबर संसार करू लागला. त्यांचा मुलगा बापाच्याच कायद्याने बाहेरचा. मग साथ आली, पेरिक्लीसची आधीची दोन्ही मुलं गेली, आणि म्हाताऱ्याने लोकांपुढे येऊन अपवाद करा म्हणून विनवलं. लोकांनी केला. धाकट्या पेरिक्लीसचं नाव वहीत चढलं आणि बापाची डेमोस त्याला मिळाली.

इ.स.पू. ४०६ मध्ये तो निवडून सेनापती झाला. अर्गिनुसाईच्या समुद्री लढाईत अथेन्स जिंकलं, पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरच्या आपल्या माणसांना उचलता आलं नाही. लोकसभा खवळली. आठ सेनापतींवर एकाच मतदानात निकाल द्या, अशी मागणी आली. प्रत्येकाचा वेगळा खटला हवा हा कायदा कुणीतरी आठवून दिला, तर लोकांना हवं ते करू दिलं जात नाही म्हणजे काय, म्हणून आरडाओरडा झाला.

त्या दिवशी मंडळाच्या ड्यूटीवरच्या पन्नास जणांत चिठ्ठीने आलेला एक अलोपेकेकर होता, सॉक्रेटिस. बाकीचे धमक्यांपुढे नमले. हा एकटा म्हणत राहिला की कायद्याबाहेरची गोष्ट मी मताला टाकणार नाही. पण एका माणसाने सभा थांबत नव्हती. परत आलेल्या सहाही सेनापतींना मृत्युदंड झाला. त्यांत धाकटा पेरिक्लीस होता. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला आणि आपल्याला फसवणाऱ्यांवर त्यांनी खटले भरायला घेतले. सात वर्षांनी सॉक्रेटिस स्वतः पाचशेच्या आसपास पंचांपुढे उभा राहिला. त्यांना निवडणारी पद्धत तीच, चिठ्ठीची.

त्यानंतरच्या शतकातल्या पंचांच्या नावाच्या पट्ट्या आज पुष्कळ मिळाल्या आहेत. पितळेसारख्या पिवळट काशाच्या, दोन बोटं रुंद, वीतभरही नाहीत. नाव, डेमोस, गटाचं अक्षर, एखाद्या कोपऱ्यात घुबडाचा शिक्का. काहींवर बारकाईने पाहिलं तर जुनं नाव ठोकून सपाट केलेलं आणि त्यावर नवं कोरलेलं दिसतं; पट्टी तीच, पाळी दुसऱ्याची. यांतल्या अनेक पट्ट्या न्यायालयांच्या जागी सापडल्या नाहीत. त्या कबरींत सापडल्या, मालकांच्या हाडांजवळ.